गुणतक्त्यातील खाडाखोड : मुंबई विद्यापीठ, १९८५ आणि तक्रारदाराचे भय (धागा)

१९८५ साली अकलूजच्या महाविद्यालयातून पदवीची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याचा निकाल कोल्हापूरहून येत असे. सोलापूर जिल्हा तेव्हा शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत होता. नीरेच्या काठी लिहिलेली उत्तरपत्रिका पुढे कोणाच्या हाती पडली, तिच्यावर कोणी किती गुण दिले, ते गुण तक्त्यात तसेच उतरले की नाही, यांतले काहीही त्या विद्यार्थ्याला कळण्याची सोय नव्हती.

आणि समजा कळलेच, तर सांगायचे कोणाला? प्राचार्यांना? अंतर्गत गुण त्यांच्याच महाविद्यालयाचे. विद्यापीठाला? आरोप तर विद्यापीठाच्याच परीक्षा विभागावर. ज्यांच्याविरुद्ध बोलायचे त्यांच्याच हाती पुढच्या वर्षाचे गुण असतात, ही विद्यापीठातील तक्रारीची मूळ अडचण आहे. कारखान्यातला कामगार फार तर नोकरी गमावतो. विद्यार्थी वर्ष गमावतो, पदवी गमावतो, आणि ते सूडापोटी घडले हे सिद्धही करू शकत नाही, कारण नापास होणे ही वरकरणी अगदी साधी घटना असते.

या प्रश्नाचा महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला खटला अकलूजचा नाही, मुंबईचा आहे. त्यात एका मुख्यमंत्र्याचे पद गेले. पण मुख्यमंत्र्याचे पद गेले एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. ज्याने तक्रार केली त्या परीक्षार्थीबद्दल न्यायालय काय म्हणाले, हा भाग मागे पडला. वास्तविक महत्त्वाचा भाग तोच आहे.

आधी त्या काळचा कायदा पाहणे आवश्यक आहे. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा नियम होता, की परीक्षार्थीला उत्तरपत्रिका पाहता येणार नाही आणि तिचे पुनर्मूल्यांकनही मागता येणार नाही. पारितोष कुर्मारशेठ आणि इतर विद्यार्थी या नियमाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले व जिंकले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले.

१७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. परीक्षांच्या निकालाला कुठेतरी अंतिमता हवी, हजारो उत्तरपत्रिका दाखवत बसणे मंडळाला शक्य नाही, शैक्षणिक धोरण तज्ज्ञांवर सोडावे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. व्यवस्थेच्या सोयीच्या दृष्टीने ती समजण्याजोगी होती. परिणाम मात्र असा झाला की परीक्षेच्या बंद खोलीत गैरप्रकार घडला तर त्याचा कागदोपत्री पुरावा विद्यार्थ्याच्या हाती येण्याचा नेहमीचा मार्ग उरला नाही. पुरावा हवा असेल तर आधी आरोप करायचा, तोही न्यायालयात, आणि तोही पुराव्याविना.

पुढच्याच वर्षी नेमके हेच एका डॉक्टरच्या वाट्याला आले.

जून १९८५ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षीच्या उत्तरार्धात मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र विषयातील एम.डी.ची परीक्षा झाली. परीक्षार्थींमध्ये मुख्यमंत्र्यांची कन्या होती. निकाल लागला, त्या उत्तीर्ण ठरल्या. डॉ. महेश माधव गोसावी यांनी उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करून आरोप केला, की गुणतक्त्यात फेरफार झाला आहे आणि तो मुख्यमंत्र्यांच्या कन्येला उत्तीर्ण करण्यासाठी झाला आहे.

वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेची रचना ध्यानात घेतली तर या आरोपाचे वजन कळते. येथे हजारो विद्यार्थी नसतात, मूठभर असतात. लेखी उत्तरपत्रिकांवर क्रमांक असतो, पण प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा समोरासमोर होते. परीक्षक विद्यार्थ्याला नावाने, चेहऱ्याने आणि बऱ्याचदा घराण्यानेही ओळखतो. अनेक परीक्षकांनी दिलेल्या श्रेणी शेवटी एका तक्त्यावर एकत्र येतात, आणि तो तक्ता कोणाच्या तरी एकाच्या हातून जातो. साखळीतली सर्वांत कच्ची कडी तीच. आणि परीक्षक मंडळी पुढे नोकरीच्या मुलाखतीतही भेटणार असतात, रुग्णालयातही. मुंबईसारख्या महानगरातही एका वैद्यकशाखेचे वर्तुळ एखाद्या गावाएवढेच असते.

न्यायालयाने मूळ तक्ते मागवले. एकसदस्यीय न्यायपीठाने निष्कर्ष काढला की श्रेणींमध्ये फेरफार झाला आहे, आणि मुख्यमंत्र्यांच्या भूमिकेबद्दलही प्रतिकूल मत नोंदवले. मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्रिपद सोडावे लागण्याची महाराष्ट्रातली ही चार वर्षांतली दुसरी वेळ होती. जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अंतुले असेच पायउतार झाले होते.

प्रकरण तेथे थांबले नाही. ते द्विसदस्यीय पीठापुढे व नंतर सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. ५ डिसेंबर १९८६ रोजी न्यायमूर्ती सब्यसाची मुखर्जी यांनी लिहिलेला निकाल आला. तो तरुण वाचकांनी मुळातून वाचावा असा आहे, कारण त्यात न्यायालय किती काळजीपूर्वक पावले टाकते ते दिसते.

निकालाचा आशय असा. फेरफार झाला हे सिद्ध आहे. ज्या परीक्षार्थीचा त्यात लाभ झाला तिचे मुख्यमंत्र्यांशी नाते सिद्ध आहे. मुख्यमंत्र्यांनी तसे करण्यास सांगितले याचा थेट पुरावा नाही. तरीही त्यांना निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र देता येणार नाही, कारण त्यांना खूश करण्यासाठी किंवा त्यांच्या सांगण्यावरून हे घडले असावे असा दाट संशय उरतो आणि त्यांनी सार्वजनिक चौकशीला सामोरे जाण्याची तयारी दाखवलेली नाही. फौजदारी गुन्हा शाबीत झाला, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. आजही समाजमाध्यमांवर या प्रकरणाचा उल्लेख करताना हा फरक बहुधा पुसला जातो.

आता त्या मागे पडलेल्या भागाकडे. गोसावींच्या विरोधात एक नेहमीचा युक्तिवाद हाताशी होता : हा माणूस स्वतःच्या स्वार्थासाठी आला आहे. त्याची तक्रार खाजगी आहे, तिला लोकहिताचे रूप कशाला द्यायचे?

सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद मोडीत काढला. अर्जदार खाजगी हितासाठी आला असेल, त्याचे काही आरोप अविश्वसनीयही ठरतील. पण देशातील एका अग्रगण्य विद्यापीठाच्या सर्वोच्च वैद्यकीय पदवीची परीक्षा कशी घेतली जाते, हा लोकहिताचा विषय आहे, आणि अशी गोष्ट एकदा न्यायालयाच्या नजरेस आली की तिची शहानिशा करणे हे न्यायालयाचे समाजाप्रती कर्तव्य आहे. थोडक्यात, तक्रारदाराचा हेतू आणि तक्रारीची सत्यता या दोन गोष्टी वेगळ्या.

हे आज साधे वाटते. परंतु संस्थांमध्ये तक्रार दाबण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत यशस्वी रीत हीच असते. तक्रारीला उत्तर द्यायचे नाही, तक्रारदाराकडे बोट दाखवायचे. तो नापास झाला आहे, तिची हजेरी कमी आहे, त्याला बढती नाकारली म्हणून तो बोलतो आहे. या गोष्टी खऱ्याही असू शकतात. गैरप्रकाराची झळ ज्याला लागते तोच सहसा बोलतो, ज्याला लागत नाही त्याला तो दिसतही नाही. निःस्वार्थ तक्रारदाराची वाट पाहायची तर विद्यापीठात कोणतीही चौकशी होणार नाही.

महाराष्ट्राने तक्रारदाराचे हात तपासण्याचा हा खेळ त्याआधी एक शतकापूर्वी फार मोठ्या प्रमाणावर पाहिला होता. ते प्रकरण विद्यापीठाचे नाही, महसूल खात्याचे आहे. पण अभय देण्याचे वचन आणि त्या वचनाचे पुढे काय होते, हे त्याच्याइतके स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

१८८८ साली पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर होता आर्थर क्रॉफर्ड. मुंबईतील क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, ज्याच्या नावाने ओळखली जाई तोच. सोलापूर जिल्हा, आणि त्यात अकलूज ज्या माळशिरस तालुक्यात आहे तोही, याच विभागात येत असे. मामलेदारांच्या नेमणुका, बदल्या आणि बढत्या क्रॉफर्डच्या शिफारशीवर चालत. त्यांसाठी पैसे घेतले जातात अशी कुजबुज बरीच वर्षे होती. हणमंतराव नावाचा मध्यस्थ हे व्यवहार करतो, असेही बोलले जाई.

गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने चौकशी हाती घेतली तेव्हा पेच असा पडला, की साक्ष देऊ शकणारे लोक म्हणजे ज्यांनी लाच दिली ते मामलेदारच. त्यांनी तोंड उघडले तर स्वतःचाच गुन्हा कबूल होणार. सरकारने त्यांना अभय दिले : खरे सांगा, तुमच्यावर कारवाई होणार नाही. मामलेदार बोलले. क्रॉफर्डने वेष पालटून पुण्यातून पळ काढण्याचा प्रयत्न केला व तो पकडला गेला. चौकशी आयोगाने मात्र लाचखोरीच्या आरोपांतून त्याला मुक्त केले. हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका ठेवला आणि त्याची नोकरी गेली. हणमंतरावाला तुरुंगवास झाला.

मग रोख फिरला. लाच दिल्याचे स्वतःच्या तोंडाने कबूल करणारे लोक न्यायदंडाधिकाऱ्याच्या खुर्चीवर कसे बसू शकतात, असा गदारोळ इंग्लंडमधील वृत्तपत्रांत आणि पार्लमेंटात उठला. १८८९ साली साक्षीदारांना कायदेशीर संरक्षण देणारा कायदा झाला खरा, पण दिलेले अभय सर्वांना पुरले नाही. काही मामलेदारांना नोकरी गमवावी लागली. टिळकांनी मामलेदारांची बाजू उचलून धरली. सप्टेंबर १८८९ मध्ये पुण्यात त्यासाठी सभा झाली. लाच देणाऱ्यांचे समर्थन करणे हा टिळकांचा मुद्दा नव्हता. सरकारने शब्द दिला, त्या शब्दावर माणसे बोलली, आता तो शब्द पाळा, एवढाच मुद्दा होता. पुन्हा कोणी बोलावे असे वाटत असेल तर हे आवश्यक आहे, हेही त्यातूनच आले.

क्रॉफर्ड प्रकरणात तक्रारदाराला आधी अभय मिळाले आणि नंतर त्याच्या हेतूची चिकित्सा झाली. १९८६ मध्ये हेतूची चिकित्सा न्यायालयाने बाजूला सारली, पण अभय देणारी तरतूद कुठेच नव्हती. गोसावींना न्यायालयाचा दरवाजा उघडा मिळाला तो याचिकेच्या बळावर. प्रत्येक विद्यार्थी उच्च न्यायालयापर्यंत जाऊ शकत नाही. अकलूज, बार्शी किंवा करमाळ्याच्या मुलाने तर मुंबईत वकील गाठायचा.

पुढच्या काळात कायदे झाले, एकामागून एक. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाने कुलगुरू, प्राध्यापक आणि विद्यापीठासाठी परीक्षेचे काम करणारी कोणतीही व्यक्ती ‘लोकसेवक’ या व्याख्येत आणली. परीक्षक हा तेव्हापासून तलाठी वा अभियंता यांच्याच पंक्तीला बसला. ही तरतूद अनेकांना ठाऊक नसते.

सर्वांत हुशारीचा कायदा मात्र रॅगिंगविरुद्धचा, १९९९ चा, महाराष्ट्राचा स्वतःचा. शिक्षा किती, यात त्याची हुशारी नाही. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार केली, की संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी करायची. त्याने टाळाटाळ केली तर त्या गुन्ह्याला त्यानेच साहाय्य केले असे मानले जाईल. म्हणजे बोलण्याचा धोका विद्यार्थ्याला आणि गप्प बसण्याचा फायदा प्राचार्याला, हा जुना हिशेब कायद्याने उलटा केला. प्राचार्यालाही आता गप्प बसण्याची भीती वाटावी, अशी योजना केली. त्यातला कळीचा शब्द ‘लेखी’ हा. त्याच्याकडे पुढे परत यावे लागेल.

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले, आजचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. अकलूजचा निकाल कोल्हापूरऐवजी सोलापुरातून येऊ लागला. प्रवास कमी झाला, ही मोठीच सोय. परंतु एका जिल्ह्यापुरत्या विद्यापीठात सगळे सगळ्यांना ओळखतात. तालुक्याच्या गावांत शिक्षणसंस्था, पतसंस्था, साखर कारखाना आणि राजकारण यांची नाती महाराष्ट्रभर एकमेकांत गुंतलेली असतात. तेथे निनावी पत्राचे अक्षरही ओळखले जाते. अंतर कमी झाल्याने तक्रार सोपी होते असे नाही, कधीकधी ती अवघड होते.

उत्तरपत्रिकेचे कुलूप उघडले ते २०११ साली. माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात ९ ऑगस्ट २०११ रोजी दिला. १९८४ चा निकाल त्या काळच्या नियमांवर होता, माहिती अधिकाराचा कायदा तेव्हा अस्तित्वातच नव्हता. या नव्या निकालात एक अट मात्र आहे. परीक्षकाचे नाव झाकावे, कारण नाराज परीक्षार्थी त्याला इजा करू शकतो. अट रास्त आहे. पण गंमत अशी की परीक्षकाला वाटणाऱ्या भीतीची नोंद कायद्याने इतक्या स्पष्टपणे घेतली, तेव्हा तक्रारदार विद्यार्थ्याच्या भीतीची नोंद घेणारा सर्वसाधारण कायदा देशात लागू नव्हता.

तो कायदा कागदावर यायला आणखी ३ वर्षे लागली. त्याचे मूळ बिहारमध्ये आहे. राष्ट्रीय महामार्गावरील कामातील गैरव्यवहार सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. नाव गुप्त राहिले नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याचा खून झाला. त्यातून उठलेल्या संतापाची परिणती म्हणजे २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा.

त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. निनावी तक्रार चालणार नाही, पण नाव घेणाऱ्या अधिकाऱ्याने ते गुप्त ठेवायचे. आणि तक्रारीनंतर तक्रारदारावर झालेली कारवाई सूडापोटी नव्हती, हे दाखवण्याचा भार कार्यालयावर. १९८८ ची लोकसेवकाची व्याख्या जोडली की विद्यापीठातील परीक्षकही यात येतो. राष्ट्रपतींची संमती मे २०१४ मध्ये मिळाली. दशक उलटून गेले तरी तो अमलात आणणारी अधिसूचना निघाली नाही.

विद्यापीठाच्या आतल्या सूडाचे खरे हत्यार गुण हेच आहे, हे मात्र एका नियमाने अचूक ओळखले. उच्च शिक्षणसंस्थांतील लैंगिक छळाविरुद्धचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम सांगतात, की चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदार विद्यार्थिनीच्या कामाचे वा परीक्षेचे मूल्यमापन करू देऊ नये, अशी शिफारस समिती करू शकते. वाक्य लहान आहे. विद्यापीठ म्हणजे काय आणि तेथे भीती कशाची असते, हे ज्याला कळते त्यानेच ते लिहिले असावे. गैरप्रकाराच्या इतर तक्रारींना, म्हणजे गुणांतील फेरफार, प्रबंधातील चोरी किंवा पैशांची मागणी यांना, असे नेमके कवच नाही.

आणि आता तो ‘लेखी’ हा शब्द. मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात, नायर रुग्णालयात, जळगावच्या डॉ. पायल तडवी स्त्रीरोगशास्त्रातच पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. तडवी भिल्ल समाजातून तेथवर पोहोचलेल्या या २६ वर्षांच्या डॉक्टरचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केला, आपण विभागाकडे ही गोष्ट मांडली होती, असे कुटुंबीयांचे म्हणणे आहे. खटला न्यायालयात आहे, त्यामुळे दोषाबद्दल येथे बोलणे योग्य नाही. वाद मात्र लगेच एका गोष्टीवर येऊन थांबला : तक्रार लेखी होती का? संस्थेकडे कागद होता का?

कागदावर सही केली की नाव उघडे पडते, आणि नाव उघडे पडले की उरलेले शिक्षण त्याच विभागात, त्याच माणसांच्या हाताखाली पूर्ण करायचे असते. पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्याला महाविद्यालय बदलणे जवळजवळ अशक्य. १९९९ च्या कायद्याने प्राचार्याला लावलेला अंकुश लेखी तक्रारीपाशी सुरू होतो. भीती त्याच्या आधीच आपले काम उरकून घेते.

ऑगस्ट २०१९ मध्ये पायल यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला यांच्या आई राधिका वेमुला या दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. जातिभेदाच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, हे आयोगाच्या २०१२ च्या विनियमांतच लिहिलेले आहे. याचिकेतील मुख्य मागणी नव्या कायद्याची नव्हती. ते २०१२ चे विनियम विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी प्रत्यक्षात पाळावेत, एवढीच ती होती.